ईयोबाचा धीर कुणी पाहिला?

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा २१ वर्षांचा होता. मोटारसायकल, रात्रीचा रस्ता, समोरून ट्रक. तिसऱ्या दिवशी घरी सांत्वनाची प्रार्थना झाली. माणसं पुष्कळ जमली होती. निघताना एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, ईयोबासारखा धीर धरा. शेवटी देवाने त्याला सगळं दुप्पट दिलं." आई काही बोलली नाही. लोक गेल्यावर कपबश्या विसळता विसळता तिने मला विचारलं, "पोरंपण दुप्पट दिली का रे त्याला?"

मी बायबल काढून पाहिलं. मेंढरं आधी ७,००० होती, ती १४,००० झाली. उंट ३,००० होते, ते ६,००० झाले. बैलांच्या ५०० जोड्यांच्या १,००० झाल्या, गाढवी ५०० होत्या त्या १,००० झाल्या. मुलं मात्र पहिल्याइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पहिली दहा गेली ती गेलीच."

चौथी शिकलेल्या माझ्या आईने एका मिनिटात जे पाहिलं ते त्या गृहस्थांनी जन्मभर बायबल वाचून पाहिलं नव्हतं. त्यांना दोष देऊन मी गप्प बसलो असतो, पण हा दोष एकट्याचा नाही. हिब्रू धर्मग्रंथातली कविता आपण कविता म्हणून वाचत नाही. भाविक वाचत नाहीत, नास्तिक वाचत नाहीत, आणि ज्यांचं ते कामच आहे ते साहित्याचे लोकही वाचत नाहीत. यात केवळ रसास्वादाचं नुकसान होत असतं तर मी हा लेख लिहिला नसता. कविता गद्यासारखी वाचली की तिचा अर्थ उलटा होतो, आणि तो उलटा अर्थ मग दुःखातल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितला जातो.

ईयोबापासूनच सुरुवात करू. या पुस्तकाची ४२ प्रकरणं. पहिली दोन गद्यात. त्यात श्रीमंत, नीतिमान ईयोब, स्वर्गातली पैज, कोसळणारी संकटं आणि ईयोबाचं निमूट सोसणं. शेवटच्या प्रकरणातली अखेरची ११ वचनंही गद्यात. त्यात परतफेड. मधली सुमारे ४० प्रकरणं, अधूनमधून येणारी निवेदनाची वाक्यं सोडली तर, सगळी कविता. आपल्याला माहीत असलेला 'धीराचा ईयोब' पहिल्या दोन प्रकरणांतला आहे. नव्या करारात याकोबाच्या पत्रात त्याच्या धीराचा एका वाक्यात उल्लेख आहे आणि तेवढाच सगळीकडे पसरला. तिसरं प्रकरण उघडलं की हाच माणूस आपल्या जन्माच्या दिवसाला शिव्याशाप देतो. तो दिवस पंचांगातूनच पुसला जावा, असं काहीसं तो मागतो. पुढे तो देवाला अन्यायी म्हणतो, त्याच्यावर खटला भरायची भाषा करतो, मला साक्षीदार द्या म्हणतो. याला धीर म्हणायचं असेल तर संताप कशाला म्हणायचं?

आणि मित्र! अलीफज, बिल्दद, सोफर. तिघंही देवाची बाजू घेतात. पाप केल्याशिवाय शिक्षा होत नाही, देव कधी चुकत नाही, पश्चात्ताप कर, सगळं ठीक होईल. तेही कवितेतच बोलतात, आणि त्यांची कविता चांगली आहे. इथेच वाचकाची फसगत होते. घरोघरी कॅलेंडरवर, लग्नाच्या भेटवस्तूंवर, दुकानाच्या गल्ल्यामागे ईयोबाच्या पुस्तकातली जी गोड वचनं छापलेली दिसतात, त्यातली किती या मित्रांच्या तोंडची आहेत ते एकदा तपासून पाहा. आठव्या प्रकरणातलं भावी भरभराटीचं लोकप्रिय आश्वासन बिल्ददचं आहे. त्याच भाषणात त्याच्या तीनच वचनं आधी हा बिल्दद ईयोबाला सुचवतो, की तुझी मुलं मेली ती त्यांच्याच पापामुळे. मुलं गमावलेल्या बापाच्या तोंडावर! आणि पुस्तकाच्या शेवटी देव काय म्हणतो? तो या मित्रांवर संतापतो. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, अशा अर्थाचं तो त्यांना सुनावतो. म्हणजे देवाची वकिली करणारे दोषी आणि देवाशी भांडणारा बरोबर, असा या पुस्तकाचाच निवाडा आहे. तो निवाडा डावलून आपण दोषींची वाक्यं चौकटीत लावतो. कारण वचन सुटं काढलं की ते कुणी, कुणाला, कशासाठी म्हटलं हे उरत नाही. कविता मात्र त्याच तिघांवर उभी असते.

याहून सूक्ष्म गोष्ट एका अक्षराची आहे. तेराव्या प्रकरणातल्या १५व्या वचनात हिब्रूत एक शब्द आहे, उच्चार 'लो'. हा 'लो' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. आलेफ या अक्षराने लिहिला तर अर्थ 'नाही'. वाव या अक्षराने लिहिला तर 'त्याच्यासाठी', 'त्याची'. मूळ मजकुरात आलेफ आहे. त्याप्रमाणे ईयोब म्हणतो की देव मला मारणार, मला आशा नाही. पण मजकूर पिढ्यानपिढ्या जपणाऱ्या यहुदी पंडितांनी समासात दुसरं वाचन नोंदवलं, वावचं. त्याप्रमाणे मारलं तरी मी त्याचीच वाट पाहीन. एका वाचनात माणसाची आशा संपली आहे, दुसऱ्यात ती मरणापलीकडे जाते. कानाला दोन्ही सारखीच. इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना'तही या शब्दाचा अर्थ अनिर्णित आहे अशी चर्चा येते. यहुदी परंपरेने हा पेच सोडवला नाही, दोन्ही रूपं जपून ठेवली. भाषांतरं मात्र बहुतेक वेळा एक बाजू घेतात आणि लोकप्रिय झाली ती आशेची बाजू. माझं म्हणणं इतकंच, की मूल गमावलेल्या माणसाला हे दोन्ही 'लो' ठाऊक असतात. सकाळी एक, रात्री दुसरा. कवीने ते एका उच्चारात ठेवले असतील तर त्यातला एक काढून टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

या कवितेची घडण कशी आहे तेही सांगायला हवं. तिला आपल्यासारखं अक्षरगणवृत्त नाही, यमकाची सक्ती नाही. ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट लोथ याने लॅटिनमध्ये दिलेली व्याख्यानं १७५३ साली प्रसिद्ध झाली. हिब्रू ओळ दोन भागांत चालते, दुसरा भाग पहिल्याला समांतर असतो, हे त्याने तिथे मांडलं. त्याने प्रकार पाडले: समानार्थी, विरोधी आणि पहिल्याला पुढे नेणारा. विचार मोठा होता, पण त्यातून एक आळशी समजूत रूढ झाली, की हे लोक तीच गोष्ट दोनदा सांगतात. मग दुसरी अर्धी ओळ डोळ्यांखालून नुसती घालायची, कारण नवीन काही नाही! १९८१ साली जेम्स कुगेल यांनी या समजुतीवर घाव घातला. दुसरा भाग पहिल्याची नक्कल नसतो, तो त्यात भर घालतो, त्याला टोक काढतो, असं त्यांनी दाखवलं. रॉबर्ट ऑल्टर यांनी १९८५ साली हीच दिशा पुढे नेली. दुसऱ्या भागात चित्र अधिक नेमकं होतं, अधिक तीव्र होतं.

मी माझंच एक उदाहरण करून दाखवतो. समजा मी लिहिलं:

तो घरी आला नाही;
झाकलेलं ताट तसंच राहिलं.

दोन्ही ओळींचा 'मुद्दा' एकच. पण पहिली बातमी आहे, दुसरीत आई आहे. जो म्हणेल की दुसरी ओळ पुनरुक्ती आहे, त्याने आमच्या घरातलं ते ताट पाहिलेलं नाही. हिब्रू कविता या पावलाने चालते, आणि हे पाऊल भाषांतरातही टिकतं. नाद जातो, श्लेष जातात, पण एका ओळीने म्हणायचं आणि दुसरीने ते खोल न्यायचं ही चाल कुठल्याही भाषेत आणता येते. म्हणून 'आम्हाला हिब्रू येत नाही' ही सबब अर्धीच खरी आहे.

ही चाल पुस्तकभर कशी काम करते पाहा. तिसऱ्या प्रकरणात ईयोब प्रकाश विझवायला निघतो. पहाटेचे तारे काळे पडोत, गर्भाची दारं उघडलीच नसती तर बरं, अशी त्याची चित्रं. ३८व्या प्रकरणात देव वावटळीतून बोलतो आणि तीच चित्रं उलटी फिरवतो. तिथे पहाटेचे तारे गाताहेत, समुद्र तान्ह्या बाळासारखा गर्भातून बाहेर येतोय, त्याला ढगांचं बाळोतं आहे, आणि दारं आहेत ती त्याला आवरायला. पुढे पाऊस पडतो तो जिथे माणूसच नाही अशा ओसाड रानात. मग रानबकऱ्यांची वीण, रानगाढव, शहामृग, लढाईचा घोडा, गरुड. माणूस या जगाच्या मध्यभागी नाहीच. ईयोबाने मागितलं होतं कारण. कारण मिळत नाही. स्वर्गातल्या पैजेबद्दल देव चकार शब्द काढत नाही. गद्य म्हणून वाचलं तर ही टाळाटाळ आहे. कविता म्हणून वाचलं तर एका चित्राला दिलेलं दुसऱ्या चित्राचं उत्तर आहे. ते उत्तर पटायलाच हवं असं नाही. मलाही दर वेळी पटत नाही. पण काय उत्तर दिलंय हे न वाचताच 'देवाने समजूत काढली' असं सांगणं ही लबाडी आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण आमचे विवेकवादी मित्र इथवर खुशीत आले असतील. यहोशवाच्या पुस्तकात दहाव्या प्रकरणात सूर्य थांबतो. या एका जागेवरून शतकानुशतकं भांडणं झाली. भाविक म्हणतात थांबला, विज्ञानवादी म्हणतात शक्यच नाही, पृथ्वी फिरते. दोघंही एक गोष्ट विसरतात. तो मजकूर स्वतःच सांगतो, की हे याशारच्या ग्रंथात लिहिलं आहे. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात शौल आणि योनाथान यांच्यावरचा दाविदाचा विलापही त्याच ग्रंथाच्या हवाल्याने येतो. यावरून तो गीतांचा संग्रह असावा असं अभ्यासक मानतात. म्हणजे सूर्य थांबतो तो एका रणगीताच्या ओळींत, समांतर चालीत, सूर्यापुढे चंद्र ठेवून. लगेच पुढच्या गद्य लेखकाने ते शब्दशः घेतलं. तेव्हा भाविकांनो, तुमची चूक फार जुनी आहे, खुद्द ग्रंथातच सुरू झालेली. आणि विवेकवाद्यांनो, तुम्ही खगोलशास्त्राची काठी घेऊन रणगीताच्या मागे लागला आहात. कवितेला 'हे खरं घडलं का?' एवढा एकच प्रश्न विचारणारे दोघं एकाच शाळेतले विद्यार्थी आहेत.

एकच घटना गद्यात आणि पद्यात शेजारी शेजारी ठेवून पाहायची सोयही या ग्रंथाने करून ठेवली आहे. शास्ते, प्रकरण चार आणि पाच. कनानी सेनापती सीसरा हरून पळतो, याएलच्या तंबूत आसरा घेतो, ती त्याच्या डोक्यात मेख ठोकते. चौथं प्रकरण हे गद्यात नीट, क्रमाने सांगतं. पाचवं प्रकरण दबोराचं गीत, हिब्रूतल्या सर्वांत जुन्या कवितांपैकी एक मानलं जातं. त्यात सीसराचं कोसळणं क्रियापदांवर क्रियापदं रचून, जणू तो पडतोय आणि पडतोच आहे, असं येतं. आणि मग गीत अचानक दूर जातं, एका खिडकीपाशी. तिथे सीसराची आई उभी आहे. रथ अजून का आला नाही, म्हणून वाट पाहतेय. शहाण्या बायका तिची समजूत घालतात, लुटीची वाटणी चालली असेल. गद्यात ही आई नाही. विजयाच्या गाण्यात शत्रूची आई का आली? टोमणा म्हणून आली, असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात, आणि त्या लुटीत पकडलेल्या मुलीही मोजल्या जातात, तेव्हा त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण टोमणा मारायला गेलेला कवी खिडकीपर्यंत गेला आणि वाट पाहणारी आई त्याने आपल्याला दाखवली. आता ती पुसता येत नाही. गद्याला जिंकल्याची बातमी पुरली. कवितेला पुरली नाही.

अर्थात कविता म्हणून वाचायचं म्हणजे गोड तेवढं घ्यायचं, असं मी म्हणत नाही. उलट. १३७वं स्तोत्र घ्या. यरुशलेम इ. स. पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने उद्ध्वस्त केलं, लोकांना धरून नेलं. त्या निर्वासितांचं हे गाणं. १९७८ साली बोनी एम या चमूने ते जगभर नाचवलं. आपल्याकडे किती लग्नांत, किती गॅदरिंगांत त्यावर पाय थिरकले असतील. नदीकाठचं रडणं त्यात आहे, शेवट नाही. शेवट भयंकर आहे, तिथे शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटण्याची इच्छा बोलून दाखवली आहे. हा शेवट केवळ पॉप गाण्याने गाळला असंही नाही. १९७१च्या सुधारित रोमन प्रार्थनाविधीतून तीन अख्खी स्तोत्रं आणि इतर काही स्तोत्रांतली वचनं वगळली गेली, त्यात हा शेवटही गेला. उपासनेत तो म्हणवत नाही हे मी समजू शकतो. मीही तो मोठ्याने वाचणार नाही. पण सगळीकडूनच तो गेला तर उरतं ते गोड उदास गाणं, आणि आपण समजतो की ज्याचं घर जाळलं तो फक्त रडतो. नऊ वचनांच्या त्या कवितेत हुंदका कुठून निघतो आणि कुठे पोचतो हे दिसतं. आज जगात कुठल्याही उद्ध्वस्त शहराकडे पाहणाऱ्याने ते पाहावं. शेवट कापणारे त्याला सूडापासून वाचवत नाहीत, सावध होण्याची संधी तेवढी हिरावून घेतात.

त्याच उद्ध्वस्त शहरावर विलापगीत आहे. पाच प्रकरणं. हिब्रू वर्णमाला २२ अक्षरांची. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रकरणात २२-२२ वचनं, प्रत्येकाची सुरुवात पुढच्या अक्षराने. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून ६६. पाचव्यात पुन्हा २२ वचनं, पण अक्षरांचा क्रम नाही. भुकेली मुलं, रस्त्यावरची प्रेतं, यांच्यावर वर्णमालेने रडायचं? मला वाटतं, सगळं कोसळल्यावर हाताला धरायला एवढंच उरलं होतं, अ, आ, इ. शेवटी तेही सुटलं. आमच्या घरातल्या जुन्या प्रतीत हे सगळं दोन बारीक स्तंभांत, क्रमांक घातलेल्या वचनांत, नियमशास्त्रासारखंच छापलेलं आहे. एक तळटीप पुरली असती.

आणि मराठीत हे अशक्य होतं असंही नाही. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्रायल समाजाने एकोणिसाव्या शतकातच कीर्तनाचा बाज उचलून या कथा मराठीत गायला सुरुवात केली. गाण्याची गोष्ट गाऊनच सांगायला हवी, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कमी शिकलेल्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल आणलं. १९२२ साली त्या वारल्या, भाषांतर १९२४ साली छापून बाहेर आलं. संस्कृत काव्यात मुरलेल्या विदुषीने हिब्रू कवितेला साधी मराठी दिली, यावर मराठी समीक्षेने ग्रंथ लिहायला हवे होते. आपण त्यांचं धर्मांतर तेवढं चघळत बसलो. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष लाभले. वाद झाला तो अध्यक्ष ख्रिस्ती धर्मगुरू आहे यावर. 'सुबोध बायबल'मधली कविता मराठीत कशी उतरली आहे, यावर त्या गदारोळात दोन ओळी मला तरी वाचायला मिळाल्या नाहीत. धर्मग्रंथ तो पाळकांचा, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून साहित्यवाल्यांनी हात झटकले आहेत. तेच लोक ज्ञानेश्वरी कविता म्हणून वाचताना कुणा मठाची परवानगी मागत नाहीत.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. टी. एस. एलियट यांनी १९३५ साली तो घेतला होता. बायबलची साहित्य म्हणून स्तुती करणारे त्याच्या श्रद्धेच्या थडग्यावरचं शिल्प न्याहाळताहेत, असा त्यांचा रोख. देवाचा शब्द म्हणून ज्याचा परिणाम झाला तो नुसती शैली म्हणून टिकणार नाही. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. प्रतिमा किती सुंदर, असं म्हणून पान उलटणाऱ्याला या कवितेने काहीच केलेलं नसतं. पण मी मागतोय ती स्तुती नव्हे, नीट वाचन मागतोय. आणि ते मागण्यात मी परंपरेच्या विरोधात नाही. हिब्रू ग्रंथात वाचनाच्या स्वरखुणा असतात. ईयोब, नीतिसूत्रं आणि स्तोत्रं या तीन पुस्तकांसाठी त्या खुणांची पद्धत वेगळी आहे. समुद्र ओलांडल्यावरचं गीत आजही गुंडाळीत विटांच्या भिंतीसारखं, मध्ये जागा सोडून लिहितात. ज्यांनी हा ग्रंथ देवाचा म्हणून अक्षर अक्षर मोजून जपला, त्यांनीच कविता कुठे आहे ते डोळ्याला आणि गळ्याला दाखवून ठेवलं. त्या तीन पुस्तकांच्या हिब्रू नावांची आद्याक्षरं जुळवून ते 'एमेत' असा शब्द करतात. एमेत म्हणजे सत्य.

भाऊ गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मी आईला तिसरं प्रकरण वाचून दाखवलं. सगळं, न थांबता. माझ्या मनात धाकधूक होती. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हे असं पुस्तकात आहे? मग मला इतके दिवस कुणी सांगितलं का नाही?" मग ३८वं वाचलं. त्यावर बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "उत्तर नाहीच दिलं त्याने. पण आला तरी."

त्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली होती आणि ती दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी आहे. ते आले, ईयोबाजवळ जमिनीवर बसले आणि सात दिवस, सात रात्री एक शब्द बोलले नाहीत. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गल्लीत एका बाईचा मुलगा गेला. आई जाऊन तिच्याजवळ बसली. लोक बोलत होते, ईयोबाचं नावही निघालं. आई काही बोलली नाही. सगळे गेल्यावर तिने पदर खोचला आणि त्यांच्या मोरीत बसून कपबश्या विसळून दिल्या.